नाताळसाठी हाताने केलेली शुभेच्छापत्रे : बर्फाऐवजी गव्हाण

रानपाखरू (घाटंजी), २३ नोव्हेंबर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. आमचे घर ख्रिस्ती असून गेली ९ वर्षे मी नाताळची शुभेच्छापत्रे स्वतः तयार करून सहकाऱ्यांना आणि मैत्रिणींना देत आले आहे. यंदा ३६ कार्डे करायची आहेत. त्यांपैकी १४ उपकेंद्रातील व प्राथमिक आरोग्य केंद्रातील सहकाऱ्यांसाठी, ११ आमच्या आशाताईंसाठी आणि ११ जुन्या मैत्रिणींसाठी आहेत. मैत्रिणी गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत पांगलेल्या असल्यामुळे त्यांची कार्डे टपालाने जातील.

पहिली चार वर्षे मी बाजारातील छापील कार्डे समोर ठेवून तशीच चित्रे काढत असे : सुरूसारखे उंच झाड, त्याच्या फांद्यांवर साचलेला बर्फ, उतरत्या छपराचे घर आणि त्यावरचे धुराडे. पाचव्या वर्षी आमच्या एका आशाताईंनी कार्ड हातात घेऊन बराच वेळ न्याहाळले आणि अगदी मनापासून विचारले, “सिस्टर, या झाडाला कापूस कसा काय लागला?” त्यांचे सारे आयुष्य पऱ्हाटीत गेलेले आहे. पांढरे, मऊ आणि फांदीला बिलगलेले जे दिसेल तो त्यांच्या लेखी कापूसच असणार. मी त्यांना बर्फ म्हणजे काय ते सांगितले, त्यांनी मान डोलावली आणि कार्ड पिशवीत ठेवले. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्यांच्यासाठी कार्ड केले त्यांच्या ओळखीची एकही वस्तू त्या चित्रात नव्हती.

त्या रात्री मी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा काढून वाचला. त्यात बर्फ नाही, सुरूचे झाड नाही, घंटाही नाहीत. गव्हाण मात्र तीन वेळा येते : सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या वचनात. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून आईने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, आणि ती बातमी सर्वांत आधी रानात रात्रीचा पहारा देणाऱ्या मेंढपाळांना कळली, एवढीच ती गोष्ट आहे. आमच्या गावात गव्हाण कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. मेंढपाळही समजावून सांगावे लागत नाहीत, कारण दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप शेतांत बसवायला येतातच. तेव्हापासून माझ्या कार्डावर गव्हाण, मेंढरू आणि तारा याच मुख्य वस्तू असतात.

माझी रीत अशी. तारा मी भेंडीच्या ठशाने उमटवते. जून, जाड भेंडी देठाकडून दोन बोटे सोडून पात्याच्या एकाच घावात आडवी कापली की पाच कोनांचा, आत पाच कप्पे असलेला तारा आयताच मिळतो, आणि कप्प्यांतल्या बियांच्या जागी पाच ठिपके कोरे राहतात. गव्हाणीसाठी कडब्याच्या धांड्यावरचे वाळलेले पाते ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून मऊ करते, मग त्यावर इस्त्री फिरवून सपाट करते आणि त्याच्या अरुंद पट्ट्या कापून चिकटवते. मेंढरू घरच्या कापसाचे असते. डिसेंबरात वेचणी चालू असल्याने कापूस हाताशी असतोच. त्यातली सरकी काढून, बोटांनी पिंजून, चिमूटभर कापूस फेविकॉलवर ठेवायचा आणि काळ्या पेनने चार पाय व एक तोंड काढायचे.

आता अडचणी सांगते. भेंडीचा ठसा दहापैकी चार वेळा फुटतो, म्हणजे रंग कडांबाहेर पसरतो. जाड कार्डशीट दुमडली की घडीवर ती तडकते आणि आतला पांढरा कागद उघडा पडतो. तिसरी अडचण मजकुराची आहे. ज्यांना मी कार्डे देते त्यांत ख्रिस्ती फक्त तिघी आहेत. बाकीच्यांत हिंदू आहेत, बौद्ध आहेत, दोन मुसलमान आहेत. शिवाय आमच्या एका सहकारी बाईंचे यजमान यंदा ऑगस्टमध्ये गेले. सर्वांना एकच मजकूर लिहिणे मला पटत नाही. आपण काय करता, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

रेघोटी (अचलपूर), २४ नोव्हेंबर

रानपाखरू, मी ३१ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या पहिल्या दोन अडचणी मी वर्गात शेकडो वेळा पाहिल्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे.

घडीचे आधी सांगतो, कारण ती नीट जमली की अर्धे कार्ड जमले. गिरणीत कागद तयार होताना लगदा चालत्या जाळीवरून एकाच दिशेने पुढे जातो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू त्या दिशेला आडवे होतात. आम्ही मुलांना याला ‘कागदाची नस’ म्हणून शिकवत असू. नसेच्या दिशेने कागद सहज दुमडतो. नसेला छेद देऊन दुमडला की तंतू मोडतात आणि घडीवर तडे जातात. नस ओळखायला सोपे आहे. शीट टेबलावर ठेवून, घडी न पाडता, एकदा उभी आणि एकदा आडवी हलकेच वाकवावी आणि तळहाताने दाबून पाहावी. ज्या बाजूने ती कमी विरोध करते, तिकडेच घडी ठेवावी. त्यावरून मोठी शीट कशी कापायची ते ठरवावे. दुकानदाराकडून आधीच कापून आणलेल्या तुकड्यांत नस कशीही आलेली असते, म्हणून मी नेहमी पूर्ण शीट विकत घेतो आणि घरी कापतो.

दुसरे असे की जाड कागद नुसत्या हाताने कधीही दुमडू नये. संपलेल्या बॉलपेनची रिफिल घ्यावी, पोलादी पट्टी लावावी आणि घडीच्या जागी एकदाच, सारख्या दाबाने रेघ ओढावी. कागद कापला जाता कामा नये, फक्त दबला पाहिजे. ज्या बाजूने रेघ दाबली ती बाजू घडीच्या बाहेर राहील असे दुमडावे. मागच्या अंगाला उठलेला बारीक उंचवटा आत जातो आणि घडी सरळ बसते. पुष्कळ जण याच्या उलट करतात. शेवटी घडीवर रद्दीचा पातळ कागद ठेवून त्यावरून चमच्याची पाठ फिरवावी. चमचा थेट फिरवला तर कागदावर चकाकणारा पट्टा उमटतो आणि तो जात नाही.

भेंडीचा ठसा फुटण्याचे कारण भेंडीचा बुळबुळीत चीक हे आहे. कापल्यानंतर ती पंधरा-वीस मिनिटे कापलेल्या बाजूने सुती कपड्यावर पालथी ठेवावी, म्हणजे चीक टिपला जातो. पोस्टर कलर पाण्यात कालवू नये. ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर घट्ट रंग ब्रशने पसरावा आणि ठसा त्या स्पंजवर टेकवावा. पहिला ठसा वर्तमानपत्रावर, दुसरा कार्डावर. एका कापावर सात-आठ ठसे स्वच्छ येतात, त्यानंतर भेंडी मऊ पडते. तेव्हा एक पातळ चकती कापून टाकली की खालचा नवा तारा कामाला येतो. एका भेंडीत आपली ३६ कार्डे सहज व्हावीत.

भेंडी कापताना ती किंचित तिरकी धरली तर ताऱ्याचा एक कोन लांबट येतो. बेथलेहेमचा तारा असाच काढण्याची पद्धत आहे. मला तो सरळ ताऱ्यापेक्षा अधिक आवडतो.

आंबियाबहार (वरूड), २४ नोव्हेंबर

आमच्याकडे सध्या संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे, त्यामुळे मी संत्र्याच्या सालीचे तारे करते. साल ताजी असताना बिस्किटाच्या लहान साच्याने तारे कापते, दोन कागदांमध्ये ठेवून त्यांवर पाटा ठेवते आणि चार दिवस सावलीत वाळू देते. वजन न ठेवल्यास ते वाटीसारखे वळतात. वास महिनाभर टिकतो. मात्र हे तारे पाकिटात घालू नयेत, कारण पूर्ण वाळलेले नसतील तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि वाळलेले असतील तर शिक्का मारताना चुरा होतो. हातात द्यायच्या कार्डाला सुतळीने बांधायला ते उत्तम आहेत.

फळा-खडू (रिसोड), २५ नोव्हेंबर

ही चर्चा आवडली, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. दर डिसेंबरात चौथीच्या मुलांकडून कार्डे करून घेतो आणि ती गावातील दवाखान्यात, टपाल कार्यालयात, ग्रामपंचायतीत नेऊन देतो. मुलांना सांताक्लॉज आणि बर्फ काढायला मनापासून आवडते. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नाही, म्हणूनच तो त्यांना काढावासा वाटतो. रिसोडच्या मुलाने समुद्र काढला तर आपण त्याला नदीच काढ असे सांगत नाही. मग बर्फ का वर्ज्य करावा? कार्ड हे स्वप्नाचे चित्रही असू शकते.

यानिमित्ताने थोडा इतिहास सांगतो. नाताळचे पहिले छापील विक्रीचे कार्ड १८४३ मध्ये लंडनला निघाले. हेन्री कोल यांना त्या हंगामात इतक्या लोकांना पत्रे लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि सुमारे १००० प्रती छापल्या. एका प्रतीची किंमत १ शिलिंग होती. त्याआधी तीनच वर्षे, १८४० मध्ये, इंग्लंडात एका पेनीत पत्र कोठेही पाठवण्याची सोय झाली होती, आणि त्या कामात स्वतः कोल यांचा हात होता. मुलांना मी हे सांगतो, कारण टपाल स्वस्त झाले नसते तर शुभेच्छापत्रांची चाल पडलीच नसती, हे त्यांना चटकन कळते.

रानपाखरू (घाटंजी), २५ नोव्हेंबर

गुरुजी, मुलांच्या हातचा बर्फ मला मान्य आहे. मूल जे काढते ते त्याचे स्वतःचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील एका ७ वर्षांच्या मुलीने युनिसेफचे आभार मानण्यासाठी चित्र काढले, कागद मिळेना म्हणून काचेवर काढले, आणि १९४९ मध्ये त्याच चित्राचे युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले. त्या चित्रात नाचणारी मुले होती.

माझा मुद्दा मोठ्यांच्या नकलेपुरता आहे. मी बर्फ काढत होते तो मला दिसला किंवा हवासा वाटला म्हणून काढत नव्हते; कार्ड म्हटले की बर्फ असतो, एवढ्याच कारणाने काढत होते. आपण ज्या १८४३ च्या कार्डाचा उल्लेख केला आहे, त्याचे चित्र मी पाहिले आहे. त्यात बर्फ नाही. मधोमध एका घरातील तीन पिढ्या पेले उंचावून बसलेल्या आहेत, आणि दोन्ही अंगांना भुकेल्याला अन्न देणारी व उघड्याला वस्त्र देणारी माणसे आहेत. म्हणजे पहिल्या कार्डाच्या चित्रकारानेही आपल्या भोवतालचे घर आणि आपल्या भोवतालची गरिबीच काढली. त्याने लंडन काढले, मी घाटंजी काढते.

गव्हाणीचा देखावा मांडण्याची चालही अशीच एका गावातून आली. इटलीतल्या ग्रेच्चो या खेड्यात १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, खरे गवत, बैल आणि गाढव आणून नाताळची उपासना केली. ती गोष्ट डोळ्यांनी दिसावी, असा त्यांचा हेतू होता. बैल आणि गाढव लूकच्या मजकुरात नाहीत. तरी मी बैल काढते, कारण गव्हाण आहे तिथे बैल असणारच.

हातकागद (वर्धा), २६ नोव्हेंबर

कार्डशीटऐवजी हातकागद वापरून पाहावा, असे मी सुचवीन. हातकागदात लगदा साच्यात घेऊन हाताने हलवतात, त्यामुळे तंतू सर्व दिशांना पसरतात आणि रेघोटी यांनी सांगितलेला नसेचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. कोणत्याही बाजूने दुमडा, तडा जात नाही. कापड गिरण्यांतील कतरणीपासून, म्हणजे कापसापासूनच, हा कागद होतो. त्यामुळे आपल्या मेंढराशी त्याचे नाते आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, त्यात घाण्याचे तेल, मधुमक्षिकापालन यांच्याबरोबर हातकागदही होता. त्या संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ होते. येशूची शिकवण आणि खेड्यातील उद्योग या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. तिथले मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. नाताळचे कार्ड विदर्भात करायचे आणि तेही हातकागदावर, यात मला म्हणूनच फार समाधान वाटते. मी गेल्या वर्षी बँकेतील सहकाऱ्यांसाठी अशी २० कार्डे केली.

घरीही असा कागद होतो. जुन्या वह्यांची पाने फाडून रात्रभर भिजवावीत, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढावीत आणि तो पातळ लगदा घमेल्यात ओतावा. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली की साचा झाला. साचा लगद्यात उभा बुडवून आडवा वर काढावा, पाणी गळू द्यावे आणि जुन्या धोतराच्या ओल्या तुकड्यावर पालथा घालावा. वर दुसरे फडके, त्यावर पाटा. नंतर सावलीत वाळवून काचेच्या बाटलीने घोटावा. पहिल्या दिवशी माझे आठपैकी सहा कागद जाळीलाच चिकटून राहिले, कारण लगदा फार दाट होता. तो ताकाइतका पातळ हवा.

एक काळजी घ्यावी लागते. घरच्या कागदावर शाई फुटते. त्यासाठी तांदळाच्या पेजेची पातळ निवळ रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावावी, कागद वाळू द्यावा आणि पुन्हा घोटावा. मग बॉलपेन तर चालतेच, शाईचे पेनही बऱ्यापैकी चालते.

खाकी थैली (कुरखेडा), २७ नोव्हेंबर

मी ग्रामीण डाकसेवक आहे. कार्डे टपालाने पाठवणाऱ्यांसाठी वजनाचा हिशेब देतो, कारण तो बहुतेक जण करत नाहीत.

ए-४ आकाराचा कागद हा चौरस मीटरचा बरोबर सोळावा भाग असतो. कार्डशीटवर ३०० जीएसएम लिहिलेले असेल तर एक चौरस मीटर कागद ३०० ग्रॅमचा, म्हणजे एक ए-४ शीट सुमारे १९ ग्रॅमची. ती मधोमध दुमडून मोठे कार्ड केले आणि त्यावर पाकीट, डिंक, कापूस आला की वजन २० ग्रॅमच्या पुढे जाते. साध्या पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतच आहे. तीच शीट आधी अर्धी कापून मग दुमडली तर कार्ड ९ ते १० ग्रॅमचे होते, साध्या पाकिटासह १४-१५ ग्रॅममध्ये बसते, आणि मेंढरालाही जागा राहते. तिकिटे कमी पडली तर भुर्दंड पत्र घेणाऱ्यावर पडतो. शुभेच्छा देताना समोरच्याला दारात पैसे काढायला लावणे बरे दिसत नाही.

कापसातली सरकी काढण्याची सूचना फार महत्त्वाची आहे. पाकिटात टणक उंचवटा असला की त्यावर तारखेचा शिक्का आदळतो आणि कागद फाटतो. मेंढरू कार्डाच्या आतल्या बाजूला, डावीकडे खाली चिकटवावे. तिकीट उजवीकडे वर असते, शिक्का तिथेच पडतो. पाकीट स्टेपल करू नये. पत्ता लिहिताना गावाचे नाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि सहा अंकी पिनकोड, या क्रमाने लिहावे. विदर्भात एकाच नावाची गावे इतकी आहेत की पिनकोड चुकला तर पत्र दोन जिल्हे फिरून येते. आतल्या गावांसाठी १२ डिसेंबरपूर्वी पेटीत टाकावे.

सावली (मूर्तिजापूर), २८ नोव्हेंबर

मजकुराच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी घेणाऱ्यांच्या बाजूची आहे. आमचे घर बौद्ध आहे आणि माझ्या कार्यालयातील एक ख्रिस्ती सहकारी बाई दर वर्षी मला कार्ड देतात.

पहिल्या वर्षी त्यांनी आत फक्त “सीझन्स ग्रीटिंग्ज” असे छापील लिहिलेले कार्ड दिले होते. त्यांना वाटले असावे की मला दुसऱ्या धर्माचे काही वाचावे लागू नये. त्यांचा हेतू चांगला होता, पण ते कार्ड मला कोणाचेच वाटले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की, आज आमच्या घरी ख्रिस्तजन्माचा सण आहे, आणि मार्चच्या गर्दीत तुम्ही माझे काम स्वतःकडे घेतले होते ते मी विसरलेले नाही. ते कार्ड माझ्या कपाटात आजही आहे. त्यांचा सण त्यांनी त्यांच्याच नावाने सांगितला, आणि माझ्याविषयी जे खरे होते ते लिहिले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी त्यांना पत्र लिहिते तेव्हा मीही हेच करते.

तेव्हा, रानपाखरू, आपण ‘नाताळ’ किंवा ‘ख्रिस्तजन्म’ हे शब्द संकोच न करता लिहावेत. सण आपला आहे. त्याखाली त्या माणसाच्या या वर्षातील एक गोष्ट लिहावी, जी फक्त त्यालाच लागू पडेल. दुसऱ्या कोणाच्या कार्डात ती ओळ घातली तर ती चुकीची ठरली पाहिजे, अशी ती असावी.

ज्यांचे यजमान गेले त्या बाईंविषयी : ‘आनंदी’, ‘हर्ष’, ‘जल्लोष’ यांतला एकही शब्द नको. चमकी नको, लाल रंगही नको. माझे वडील गेले त्या वर्षी मला आलेल्या नवीन वर्षाच्या कार्डांतील एकच मी पुन्हा वाचले, आणि त्यात वडिलांचे नाव लिहिलेले होते.

रेघोटी (अचलपूर), २८ नोव्हेंबर

सावली यांचे म्हणणे अगदी योग्य आहे. मी फक्त रंगाचे सांगतो. त्या एका कार्डासाठी घोटीव पांढरा किंवा फिका मातकट कागद घ्यावा आणि तारा निळसर करड्या रंगात, एकच, वरच्या बाजूला उमटवावा. खाली गव्हाणही काढू नये. उरलेली जागा मोकळी सोडावी.

आणखी एक. ३६ कार्डांचा मजकूर एका बैठकीत लिहू नये. पंधराव्या कार्डानंतर हात आपोआप आधीचीच वाक्ये लिहू लागतो. दिवसाला पाच-सहा पुरेत.

रानपाखरू (घाटंजी), १२ डिसेंबर

मंडळी, आपल्या सर्वांचे उत्तर वाचून काम केले, त्याचा वृत्तान्त देते.

टपालाची ११ कार्डे १० तारखेला गेली. सर्व लहान आकारात केली. घरातील मसाल्याच्या काट्यावर तोलली तेव्हा सर्वांत जड १६ ग्रॅमचे भरले. घडीची नस सांभाळल्यापासून एकही कार्ड तडकले नाही. सुती कपड्यावर पालथी ठेवलेली भेंडी आणि स्पंजवरचा घट्ट रंग, यांमुळे ३६ पैकी दोनच तारे बिघडले. हातकागद या वर्षी तीन कार्डांपुरताच केला, कारण दिवसभर गृहभेटी करून आल्यावर लगदा घोटायला अंगात बळ राहत नाही. ते तीन कागद मात्र फार सुरेख आले. एकात वहीच्या निळ्या रेघांचे तंतू राहिले आहेत.

मजकूर रोज पाच याप्रमाणे लिहिला. लिहिताना कळले की काही सहकाऱ्यांविषयी मला वर्षभरातील एकही नेमकी गोष्ट आठवत नव्हती. औषधभांडाराचे काम पाहणाऱ्या भाऊंविषयी तर मी दोन दिवस विचार केला. मग आठवले की जुलैमध्ये पुरामुळे रस्ता बंद असताना ते सर्पदंशावरच्या प्रतिविषाची पेटी डोक्यावर घेऊन नाल्यातून चालत आले होते. ते लिहिले. ज्या बाईंचे यजमान गेले, त्यांच्या कार्डावर करडा तारा आहे, आणि आत त्यांच्या यजमानांचे नाव आहे. ते आम्हाला दर संक्रांतीला शेतातला हुरडा आणून देत, हे लिहिले आहे. ते कार्ड मी सर्वांसमोर देणार नाही, घरी नेऊन देईन.

काल आशाताईंची मासिक बैठक होती. त्यांची ११ कार्डे जवळजवळ पूर्ण झाली होती, फक्त बाळ काढायचे राहिले होते. बैठक संपल्यावर त्यांतले एक मी त्याच आशाताईंना दाखवले, ज्यांनी मला पूर्वी झाडावरच्या कापसाविषयी विचारले होते. त्यांनी तारा पाहिला, मेंढरावरून बोट फिरवले, “हा आपला कापूस” म्हणाल्या. मग गव्हाणीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, नुसत्या कडब्यावर ठेवता का लेकराला? टोचेल ना त्याला.”

कडब्याच्या पट्ट्या काढून पुन्हा चिकटवणे शक्य नव्हते. म्हणून काल रात्री बसून अकराही गव्हाणींत कडब्यावर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर दिला आणि त्यावर बाळ काढले. रंग कापसावर बसत नाही, त्यामुळे बाळ वेगळ्या कागदावर काढून, कापून, वर ठेवावे लागले. फेविकॉल अगदी थोडा आणि घट्ट हवा. पातळ असला की कापूस तो शोषून घेतो आणि वाळल्यावर टणक होतो.